३४ अंशांत उकडत नाही, असं कोण म्हणतं?

परवा नागपूरच्या आतेभावाचा फोन. "तुमची मजा आहे बुवा, ३४ अंश! आम्ही ४४ सोसतोय." म्हटलं, ये इकडे आणि येताना तुझा कूलर आण. पाणी भरून लाव. तासाभरात खोलीत तुझाच मोदक होईल! तिकडे कूलर चालतो, कारण हवा कोरडी. तिकडे रखरख, इकडे उकाडा. दुखणी दोन, पण बातम्यांत दोन्हींना मोजपट्टी एकच.

उकडणे म्हणजे काय, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. उकडीचे मोदक, उकडा तांदूळ. भाजणं नव्हे, ओलाव्यात शिजणं. 'उष्मा' आला संस्कृत ऊष्मन् वरून, त्यातही उष्णतेबरोबर वाफ आहेच. 'घाम' आणखी गमतीचा. मूळ शब्द घर्म, म्हणजे उष्णता. फारसीतून आलेला 'गरम' त्याचाच दूरचा भाऊ. हिंदी पट्ट्यात घाम म्हणजे आजही ऊन. मराठीने मात्र तो शब्द अंगावरच्या पाण्याला दिला. आणि आपलं सगळं दुखणं तिथेच आहे. घाम वाळला तर अंग थंड होतं. हवेतच पाणी भरलेलं असेल तर तो वाळत नाही, नुसता निथळतो.

आता सरकारी भाषा बघा. किनाऱ्यावर 'उष्णतेची लाट' म्हणायला हवामान खात्याला किमान ३७ अंश लागतात, तेही सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असतील तर. 'उष्ण व दमट हवामाना'चा इशारा खातं कोकणाला देतं, नाही असं नाही. पण कोकणचं हवामान उष्ण व दमट, हे तर आपण शाळेत भूगोलात पाठ केलंय. त्यात दचकायचं काय? 'लाट' म्हटलं की साहेब लोक हलतात. 'दमट' म्हटलं की पंखा वाढवतात.

मे महिन्यात भर दुपारी हापूस उतरवणारा गडी, पेट्या भरणाऱ्या बायका, रस्त्यावर डांबर ओतणारे. त्यांच्यासाठी ३४ हा आकडा 'सामान्य' कसा?

इशाऱ्यात सरळ लिहा ना: "आज तीव्र उकाडा. दुपारी १२ ते ४ उघड्यावर कष्टाचं काम नको." आर्द्रता किती टक्के हेही द्या, पण मुकादमाला टक्क्यांनी काही कळत नाही, उकाडा म्हटलं की कळतं.

कोणी म्हणेल, हा बोलीतला शब्द, शास्त्रीय नाही. मग 'लाट' कुठली शास्त्रीय? ती तर आमच्या भाट्याच्या समुद्रावर रोज फुटते.