कायदा झाला, आता कामाला लागा

आरोग्याच्या प्रश्नावर उभ्या राहणाऱ्या बहुतेक चळवळींची नजर कायद्यावर असते. मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, विधेयक मंजूर होते आणि चळवळीतली गर्दी पांगते. ‘सरकारने आता अंमलबजावणी करावी’ एवढे म्हणून सगळे मोकळे होतात. महाराष्ट्राच्या अनुभवातून मात्र वेगळा निष्कर्ष निघतो. लोकांच्या दबावाची खरी गरज कायदा संमत झाल्यानंतर असते. त्या टप्प्यावर घोषणांपेक्षा नोंदवह्या, नोटिसा आणि चिकाटीचा पाठपुरावा जास्त उपयोगी पडतो. गर्भलिंगनिदानाविरुद्धची लढाई हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

१९८०च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत स्त्रीवादी कार्यकर्त्या, डॉक्टर आणि वकील या प्रश्नावर एकत्र आले. त्यांच्या हाती नुसता संताप नव्हता. डॉ. संजीव कुळकर्णी यांनी १९८६मध्ये मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा त्यातले ८४ टक्के डॉक्टर गर्भजल तपासून लिंग सांगत असल्याचे दिसले. ‘असे प्रकार क्वचितच घडतात’ हा बचाव या आकड्याने निकालात काढला. १९८८मध्ये महाराष्ट्राने देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला. पण तो राज्याच्या हद्दीपुरता होता, शेजारच्या राज्यात जाऊन चाचणी करून घेण्याची वाट मोकळीच होती. मग देशव्यापी मागणी झाली, १९९४मध्ये केंद्रीय कायदा आला आणि १ जानेवारी १९९६पासून तो लागूही झाला. रूढ अर्थाने चळवळ जिंकली होती. प्रत्यक्षात कायदा कागदावरच राहिला. शून्य ते सहा वयोगटात राज्यात हजार मुलग्यांमागे १९९१मध्ये ९४६ मुली होत्या, २००१मध्ये ९१३ उरल्या.

ही कोंडी फोडली ती लोकांनीच. २०००मध्ये ‘सेहत’ व ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यांना नवा कायदा नको होता, आहे तो राबवा एवढेच मागणे होते. ४ मे २००१ रोजी न्यायालयाने केंद्र व राज्यांना अंमलबजावणीचे आदेश दिले. पुढे सोनोग्राफी यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांकडून ग्राहकांची माहितीही मागवली. यंत्र कुठे आहे हेच ठाऊक नसेल तर तपासणार काय, हा साधा प्रश्न त्यामागे होता. २००३मध्ये कायद्यात सुधारणा होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. या कायद्यात सामान्य माणसाला दिलेला एक अधिकार फारसा माहीत नसतो. तक्रार करूनही कायदा राबवण्यासाठी नेमलेला समुचित प्राधिकारी हलत नसेल, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन कोणतीही व्यक्ती किंवा सामाजिक संस्था थेट न्यायालयात जाऊ शकते. प्राधिकाऱ्याला सल्ला देणाऱ्या समितीत तीन सामाजिक कार्यकर्ते असावेत आणि त्यात किमान एक महिला संघटनांची प्रतिनिधी असावी, असेही बंधन आहे. दोन बैठकांमध्ये साठ दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. म्हणजे सरकारी यंत्रणेत लोकांसाठी राखीव खुर्ची आहे. ती रिकामी राहिली किंवा मर्जीतल्या माणसाने भरली, तर दोष एकट्या सरकारचा नाही.

या कायद्यावर डॉक्टरांचा आक्षेप असा, की गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या वेळी भरायच्या ‘एफ’ अर्जातला एखादा रकाना राहिला म्हणून गुन्हेगार ठरवणे अन्याय आहे. काही ठिकाणी निरीक्षकांनी जाच केला असेल, हे नाकारता येत नाही आणि त्यावर दाद मागण्याची सोय हवीच. पण या अर्जात काय लिहायचे असते ते पाहा: गर्भवतीला आधीची किती अपत्ये, त्यात मुली किती, तपासणीला पाठवले कोणी आणि कशासाठी. बंद खोलीत, दोघांच्या संमतीने होणाऱ्या गुन्ह्याला साक्षीदार नसतो. मागे राहतो तो हा कागदच. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने या तरतुदींना आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९मध्ये ते फेटाळले आणि अशा त्रुटींना निव्वळ कारकुनी चूक मानण्यास नकार दिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एवढे करूनही २०११मध्ये राज्याचा आकडा ८९४वर आला, मग चळवळीने साधले काय? घसरण थांबली नाही हे खरेच. मात्र आधीच्या दशकात ३३ने घटलेला आकडा या दशकात १९ने घटला. त्याचे सगळे श्रेय कायद्याला देता येणार नाही, कारण हुंडा, वारसा आणि म्हातारपणाचा आधार ही मुलगाच हवा असण्यामागची कारणे कोणत्याही कलमाने संपत नाहीत. तरीही कायदा निजलेला असतानाचे दशक आणि तो हलवून जागा केल्यानंतरचे दशक यांत फरक दिसतो, तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. चळवळीच्या पदरी एक चूकही घालायला हवी. चाचणीला विरोध करणाऱ्या प्रचारात गर्भपात हाच गुन्हा असल्याचा सूर अनेकदा लागला. गर्भपात तर १९७१च्या कायद्याने ठरावीक अटींवर वैध आहे. या गोंधळामुळे राज्यात गर्भपाताच्या गोळ्या ठेवायलाही औषध दुकानदार कचरू लागले आणि त्याची झळ गरजू बाईला बसली. आपली मागणी नेमकी कुठवर आहे, हे न सांगणाऱ्या चळवळीची किंमत दुसरेच कोणी मोजते.

राहिला प्रश्न, निवडून न आलेल्या संस्थांना अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हा अधिकार कोणी दिला? संसदेनेच दिला, तोही कलम लिहून. संसदेने केलेला कायदा पाळा, असे सरकारला बजावणे हा लोकशाहीचा अवमान होत नाही. हेच सूत्र आज इतरत्र लावता येईल. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. त्यासाठी नवा मोर्चा नको. आपल्या गावातल्या, वॉर्डातल्या रुग्णालयांत हे फलक आहेत का, याची यादी करा, ती नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी द्या, पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत मागे लागा.