कीबोर्डचं रिदम बटण बंद करा, पोल्का वाजवू द्या



मुलासाठी कीबोर्ड घ्यायला गेलं की दुकानदार आधी काय दाखवतो? रिदमचं बटण. ते दाबलं की ड्रम, बास सगळं आपोआप सुरू होतं. मुलानं उजव्या हाताच्या दोन बोटांनी चाल वाजवली तरी ऑर्केस्ट्रा वाजतोय असं वाटतं. मूल खूश, आपण खूश, गॅदरिंगला टाळ्याही पडतात. पण ताल कोणी धरला? मशीननं. शिकण्याच्या पहिल्या दोन वर्षांत हे बटण बंदच असावं असं माझं ठाम मत आहे. ते का, हे स्लोव्हेनिया आणि ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागातल्या एका वाद्याकडे पाहिलं की चांगलं कळतं.

अ‍ॅकॉर्डियन या नावाचं पेटंट व्हिएन्नात १८२९ साली सिरिल डेमियान या वाद्यकारानं घेतलं. आज आपण अ‍ॅकॉर्डियन म्हटलं की पियानोसारख्या पट्ट्यांचं वाद्य डोळ्यांपुढे आणतो. पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांच्यामुळे ते आपल्या ओळखीचंही आहे. आल्प्सच्या खेड्यांत मात्र जुन्या वळणाची बटणांची पेटी अजून जोरात आहे. ऑस्ट्रियात तिला स्टायरिश हार्मोनिका म्हणतात, स्लोव्हेनियात फ्रायटोनारित्सा. तिची गंमत अशी की एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. ढोबळमानानं सांगायचं तर एका ओळीत दाबताना सा, ग, प मिळतात आणि ओढताना रे, म, ध, नि. आता मनातल्या मनात सारेगम म्हणा आणि हात हलवून बघा. दाब, ओढ, दाब, ओढ, दाब, ओढ, मग ध वरून नि वर जाताना पुन्हा ओढच, आणि वरच्या सा ला दाब. चाल वाजवताना भात्याला सारखी दिशा बदलावी लागते, आणि त्यातूनच त्या संगीताला उसळी येते. ती वेगळी शिकवावी लागत नाही! आपल्या पेटीत भाता कसाही हलवा, सूर तोच राहतो.

डाव्या हाताला बासची बटणं. पोल्का दोन मात्रांचा: एक खर्जातला सूर, एक स्वरसंघ. ऊम-पा, ऊम-पा. वॉल्ट्झ तीन मात्रांचा: ऊम-पा-पा. त्याचाच खेडवळ थोरला भाऊ लेंडलर, तोही तीन मात्रांचाच, पण संथ. पोल्का मूळचा बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक देशातला. १८४० च्या दशकात तो युरोपभर पसरला. हे सगळं संगीत नाचायला बनलेलं आहे. वाजवणाऱ्याचा डावा हात अडखळला की समोरच्या जोड्यांचे पाय अडखळतात. यापेक्षा कडक परीक्षक मला तरी माहीत नाही. तिथे मार्कलिस्ट लागत नाही.

आपल्या वर्गात याचा उपयोग कसा? दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन भागांचा. मुलं वॉल्ट्झ ऐकून लगेच म्हणतात, "बाई, हा दादराच!" अर्धं बरोबर. दादऱ्यात चौथ्या मात्रेला खाली येते, वजन हलकं होतं. वॉल्ट्झमध्ये दर तीन मात्रांनी पहिला ठोका तितकाच ठाम येतो. एकदा दादऱ्याला आणि एकदा वॉल्ट्झला टाळ्या द्यायला लावा. फळ्यावर व्याख्या लिहून जे समजत नाही ते तळहाताला समजतं.

आता एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो: "हे सोपं, करमणुकीचं संगीत. मुलांना यातून काय मिळणार?" खुद्द स्लोव्हेनियातही ही नाकं मुरडणं झालं आहे. १९५३ मध्ये बेगुन्ये गावच्या स्लाव्को आणि विल्को अव्सेनिक या भावांनी आपला वाद्यवृंद उभा केला: अ‍ॅकॉर्डियन, गिटार, बास, क्लॅरिनेट, ट्रम्पेट. स्लाव्को अ‍ॅकॉर्डियन स्वतःच्या स्वतः शिकलेला, तरुणपणी स्की-जंपिंग करणारा. विल्को रीतसर संगीत शिकलेला. एकाला चाली सुचायच्या, दुसरा त्या वाद्यांवर बसवायचा. त्यांचा ‘ना गोलित्सी’ हा पोल्का ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या गोलित्सा डोंगराच्या नावाचा, आणि जर्मन भाषिक देशांत तो घरोघरी पोचला. घरी शिकलेला कान आणि शाळेत शिकलेली लेखणी एकत्र आल्यावर काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडत नाही. कमअस्सल ठरवलं जाण्याचा अनुभव आपल्या पेटीलाही आहेच की. आकाशवाणीनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती उठायला तीस वर्षं लागली.

अर्थात सगळं गोड नाही. अ‍ॅकॉर्डियन आवाजानं दांडगं आणि एकटं पुरेसं, त्यामुळे त्या भागातली हळू आवाजाची जुनी तंतुवाद्यं मागे पडली. म्हणजे एका काळी तेच वाद्य आजच्या रिदम बटणासारखं होतं, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. अ‍ॅकॉर्डियननं माणसाचं काम वाढवलं. बटण ते काढून घेतं.

परदेशात राहणाऱ्या मराठी पालकांसाठी आणखी एक गोष्ट. फ्रँकी यांकोविच हा स्लोव्हेनियन स्थलांतरितांचा मुलगा, अमेरिकेत क्लीव्हलंडला वाढला. बटणांची पेटी तो घरी भाड्यानं राहणाऱ्या एका गाववाल्याकडून शिकला. पुढे १९८६ मध्ये पोल्कासाठीचं पहिलं ग्रॅमी त्याला मिळालं. सुरुवात घरच्या बैठकीत झाली, क्लासमध्ये नाही.

तेव्हा करायचं काय? मुलाला येणारी एखादी साधी चाल घ्या, तीन मात्रांची असेल तर उत्तमच. आठवडाभर फक्त डावा हात: खालचा एक सूर, मग दोनदा स्वरसंघ. लय संथ. लेंडलरइतकी संथ. उजवा हात दुसऱ्या आठवड्यात. घरी कीबोर्ड नसून पेटी असेल तर डावा हात भात्यावर अडकतो, तिथे भावंडानं किंवा आजीनं टाळी धरावी. आणि चाल बसली की घरातल्या कोणालातरी तिच्यावर गोल फिरायला लावा. फिरणारा थबकला तर मुलाला कुठे चुकलं ते सांगावं लागणार नाही.