कर्ज स्वस्त, पण कोणाच्या हिशेबाने?

करंजाडे येथील सिडको वसाहतीत घर घेतलेल्या नोकरदाराला हमखास सल्ला मिळतो: गृहकर्ज स्वस्त आहे, फेडायची घाई नको. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये रेपो दर 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आणल्यावर तर या सल्ल्याला जोरच चढला. पण नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वजावट नाही, ठेवीच्या व्याजावर कर मात्र आहे. मग साडेसात टक्क्यांचे कर्ज डोक्यावर ठेवून साडेसहाची मुदत ठेव कुरवाळणे हा निव्वळ तोटा. म्युच्युअल फंड जास्त देतील, हे खरे ठरेलही; पण तो परतावा संभाव्य, वाचलेले व्याज पक्के. आक्षेप वजनदार आहे तो रोकडीचा: भिंतीत गेलेला पैसा आजारपणात लगेच हाती येत नाही. म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढावा आणि उरलेला बोनस मुद्दलात भरावा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर त्यासाठी दंडही नाही.