आधी स्वतःचे नेतृत्व

रात्री ठाण्याहून येणारी लोकल पनवेल स्थानकात रिकामी होते, तेव्हा पाठीला संगणकाची पिशवी अडकवलेल्या तरुणांचा लोंढा फलाटावर उतरतो. ऐरोली, घणसोली, महापे येथील संगणक कंपन्यांत दिवसभर राबून ही मुले घरी परतत असतात. त्यांतील कित्येक जण तिशीच्या आतच ‘टीम लीडर’ झालेले असतात. कालपर्यंत ज्याने निर्दोष आज्ञावली लिहिली, त्याच्या हाती आज आठ-दहा माणसे सोपवली जातात. यंत्र कसे हाताळावे हे त्याला शिकवलेले असते. माणसे, आणि त्याहीपेक्षा स्वतःचे मन कसे हाताळावे, हे मात्र बहुधा कोणीच शिकवलेले नसते.

परिणाम सर्वपरिचित आहे. ग्राहकाचा तगादा येतो, गटप्रमुख चिडतो आणि ज्याने चूक निदर्शनास आणली त्याच्यावरच खेकसतो. दुसऱ्या वेळी तो सहकारी गप्प बसतो. ‘थोडे कडक वागल्याशिवाय काम होत नाही’ असे समर्थन यावर केले जाते. पण धाकाने फार तर हजेरी मिळते, सत्य मिळत नाही; आणि ज्या गटात चूक सांगण्याची भीती वाटते, तेथे चूक ग्राहकाच्या दारात जाऊनच प्रकट होते.

या संदर्भात भारतीय तंत्रविश्वातील एक प्रसंग स्मरणात ठेवण्याजोगा आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून एसएलव्ही-३ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. अब्दुल कलाम. उड्डाणास काही मिनिटे उरली असता नियंत्रण यंत्रणेत गळती असल्याचे आढळले आणि संगणकाने उलटगणती थांबवली. द्रव्याचा साठा पुरेसा असल्याचा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला आणि कलामांनी संगणकाचा इशारा बाजूला सारून उड्डाणाचा निर्णय घेतला. दुसऱ्या टप्प्यात अग्निबाणाचे नियंत्रण सुटले आणि तो बंगालच्या उपसागरात कोसळला.

लक्षणीय आहे ते यानंतरचे वर्तन. ‘इस्रो’चे अध्यक्ष प्रा. सतीश धवन यांनी पत्रकारांसमोर अपयशाचे दायित्व स्वतःकडे घेतले. पुढे चिकित्सा-बैठकीत सहकाऱ्यांनी तांत्रिक कारणे मांडली असतानाही, गळतीकडे दुर्लक्ष झाले ती आपली चूक होय, असे कलामांनी उभे राहून सांगितले. झडपेत अडकलेली धूळ हे यंत्राचे कारण होते. ‘मी थांबायला हवे होते’ हे माणसाचे कारण होते. दोन्ही कारणे मोकळेपणाने मांडणारा गट १८ जुलै १९८० रोजी यशस्वी झाला आणि ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत पोहोचला. त्या वेळी विक्रम साराभाई अंतराळ केंद्राच्या संचालकपदी डॉ. वसंत गोवारीकर हे मराठी शास्त्रज्ञ होते. यशाच्या दिवशी मात्र धवनांनी पत्रकारांसमोर कलामांना पुढे केले.

याच प्रसंगात आणखी एक बारकावा आहे. अपयशाच्या दिवशी अनेक रात्रींच्या जागरणाने कलाम इतके थकले होते की खोलीवर जाऊन ते झोपी गेले. दुपार टळल्यावर ज्येष्ठ सहकारी डॉ. ब्रह्मप्रकाश यांनी त्यांना उठवून जेवायला नेले आणि जेवताना अपयशाचा विषयही काढला नाही. थकलेल्या मनाला आधी अन्न आणि विश्रांती हवी, चिकित्सा नंतर, एवढे तारतम्य ज्याला आहे तोच माणसे सांभाळू शकतो.

आत्मपरीक्षण ही काही गुहेत बसून करण्याची साधना नव्हे. रागाच्या भरात लिहिलेले पत्र सकाळपर्यंत न पाठवणे, मोठा निर्णय घेण्यापूर्वी ‘मी दमलो आहे का, घाईत आहे का’ असे स्वतःला विचारणे, विरोधी मत असणाऱ्याला प्रथम बोलू देणे आणि दिवसाअखेर स्वतःची एक तरी चूक वहीत नोंदवणे, इतके ते साधे आहे. पनवेलपर्यंतच्या परतीच्या प्रवासातील दहा मिनिटेही त्यास पुरतात.

तथापि सारा भार या तरुणांवरच टाकणे अन्यायाचे होईल. रोज बारा-बारा तास जुंपायचे आणि वर मनःशांतीचे वर्ग भरवायचे, हा दांभिकपणा होय. बढतीचे पत्र देण्यापूर्वी माणसे सांभाळण्याचे शिक्षण देणे आणि विश्रांतीस अवकाश ठेवणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. ते पार पडेल तेव्हा पडो. पण चूक सांगायला आलेल्या कनिष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. नेतृत्वाचा आरंभ तेथूनच होतो.