गणपतीला येताय, तर घरच्यांचं बीपी मोजून जा

सिंधुदुर्गातल्या वाडीवाडीतल्या ग्रामस्थांना आणि मुंबई-ठाण्याहून येणाऱ्या चाकरमान्यांना गावच्या आरोग्य समितीचं हे आवाहन.

चतुर्थीला बंद घरं उघडतात. आईवडिलांजवळ निवांत बसायला वर्षातून हेच काय ते चार दिवस. त्यात एक काम करा: घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं बीपी मोजून घ्या आणि ज्यांना गोळी चालू आहे, त्यांच्या गोळ्यांची स्ट्रिप स्वतः बघा.

स्ट्रिप कशाला? कारण मोजायला आता लोक येतात, अडतं ते पुढे. महिनाभर गोळी घेतली, आकडा १२८/८० आला, की ‘बरा झालो’ म्हणून गोळी बंद. अहो, आकडा उतरला तो गोळीमुळेच. ती सोडली की तो पुन्हा चढतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, माणूस शेतात राबत असतो. मग एक दिवस तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतं. असं दिसलं किंवा छातीत दुखू लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.

काहींची गोळी श्रावणातल्या उपवासाला सुटते. ती पाण्याबरोबर घेतल्याने उपवास मोडत नाही. काही घरांत नवऱ्याची गोळी बायकोही घेते, दोघांना बीपीच ना, म्हणून. चाकरमान्यांचा घोळ वेगळाच. मायेपोटी मुंबईहून महागडी गोळी आणतात, इथे आरोग्य केंद्राची चालूच असते. पाकिटावरची नावं निराळी, आतलं औषध एकच, ॲमलोडिपिन. वडील दोन्ही घेतात आणि पाय सुजले की वयाला दोष देतात. तेव्हा दोन्हीकडच्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेल्या गोळ्याही त्यात टाका. त्यांतल्या पुष्कळ गोळ्या बीपी वाढवतात.

सरकारी गोळी म्हणून नाक मुरडू नका. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा राज्यातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा, वर्धा, भंडाऱ्याबरोबर आपला सिंधुदुर्ग होता. मोजकी, ठरलेली औषधं, रुग्णाच्या नावाचं कार्ड आणि जो ठरल्या दिवशी आला नाही त्याची विचारपूस, एवढ्यावर हे काम चालतं. आशाताई दारात आल्या तर त्यांना ओसरीवरूनच परत पाठवू नका.

आता मिठाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. आपल्याकडे पेजेबरोबरच्या लोणच्यात, सांडग्या मिरचीत आणि पापडातच त्यातलं बरंच संपतं. सुकी मासळी सोडा असं आम्ही म्हणणार नाही, म्हटलं तरी ऐकणार कोण? पण खारवलेली मासळी भिजवून, पाणी बदलून धुवा आणि त्या दिवशी लोणच्याची बरणी उघडू नका. सैंधव वापरलं म्हणून सुटका नाही, तेही मीठच. मिश्री, तंबाखू आणि दारू यांबद्दल वेगळं सांगायला नको.

मोजताना घाई नको. अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे राहिला, तर डॉक्टरांकडे जायचंच. चाळिशीतल्या चाकरमान्यांनो, तुम्हीही दंड पुढे करा. लोकलची धावपळ आणि रात्रपाळी करणाऱ्या तुमच्यातल्या कितीजणांनी कधी मोजलंय?

उपकेंद्रात मोजणी मोफत आहे आणि आरोग्य केंद्रात औषधही. परतीच्या गाडीत बसण्याआधी आईवडिलांच्या कार्डावरची पुढची तारीख आपल्या मोबाइलमध्ये नोंदवा आणि त्या दिवशी घरी फोन करून विचारा, “गोळ्या आणल्यात ना?”