कापड तुमचं, टाके कुणाचे?

मंडळी, आज जरा भांडायचा बेत आहे. नात्यातल्या काही जणांना हे लागेल. लागू दे.

विषय गोधडीचा. थंडी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या आणि हल्ली परदेशातल्याही भाचरांचे फोन येतात. "मावशी, घरात जुन्या जीन्सचा ढीग पडलाय. तुमच्या फर्दापुरात गोधड्या शिवणाऱ्या बायका आहेत ना? घे ना शिवून!" इथपर्यंत उत्तम. जीन्स कचऱ्यात जाण्यापेक्षा अंथरुणात गेलेली केव्हाही चांगली. पण मजुरीचा आकडा सांगितला की पलीकडे क्षणभर शांतता... आणि मग ठरलेलं वाक्य. "एवढे? अगं, पण कापड तर आपलंच आहे!"

माझं भांडण या एका वाक्याशी आहे.

कापड तुमचं, कबूल. पण तुम्ही पाठवता ती पँट असते, तिचं कापड करावं लागतं. आधी धुऊन वाळवायची. मग चेन, बटणं, खिशाच्या कोपऱ्यावरच्या धातूच्या टिकल्या काढायच्या. बाजूची जाड शिवण सरळ कापून टाकायची, कारण त्या पदरांत सुई मोडते. मांड्यांच्या आतला भाग झिजलेला, तो बाद. गुडघा विरलेला, तोही बाद. लायक्रावाली ताणणारी जीन्स आली तर डोक्याला ताप. साध्या कापडाशेजारी जोडली की ती आखडते आणि गोधडीला चुण्या पडतात. एवढं करून एका पँटीतून चार बरे तुकडे हाती लागतात. ते जुळवून वरचा थर होतो. आत जुनं सुती लुगडं नाहीतर धोतर, आणि खाली अस्तराला चादर. ती चादरही मधोमध विरलेली असते. मग ती मधून फाडून धडक्या कडा मध्ये घेऊन जोडायच्या. आमच्या आया फाटक्या लुगड्याला दांड घालायच्या, त्यातलाच हा प्रकार.

आणि मग टाके. मी मराठी शिकवलं, गणित नाही, पण एवढा हिशोब मलाही येतो. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडी घ्या. दर इंचाला धावदोऱ्याची एक ओळ धरली तर ६० ओळी, प्रत्येक ७ फुटांची. म्हणजे ४२० फूट शिवण. इंचाला तीन टाके धरले तर १५ हजारांच्या वर टाके झाले. तेही जीन्सच्या जाड कापडातून, बोटाला चिंधी बांधून, मान खाली घालून. आता सांगा, यातले तुमचे किती?

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली. माझ्या पिढीने ते डोळ्यांनी पाहिलंय. पुढे १९७७ साली राज्याने रोजगार हमीचा कायदा केला, त्यातही झालेल्या कामाचं माप घेऊन मजुरी ठरते. "दगड तर सरकारचाच आहे, मग तुला पैसे कसले?" असं खडी फोडणारीला कुणी म्हटलं नाही. मग हातोड्याला एक न्याय आणि सुईला दुसरा, असं का?

यावर एक उत्तर नेहमी मिळतं. "त्या काय, दुपारी मोकळ्याच असतात." मला तरी आमच्या सोयगाव तालुक्यात दुपारी मोकळी बसलेली बाई फारशी दिसत नाही. कापूस वेचणी सुरू झाली की अर्धी शिवलेली गोधडी गुंडाळून माळ्यावर जाते, कारण वेचणीला किलोमागे रोख पैसे मिळतात. वेळ मोकळा नसतो, मंडळी. आपण त्याचे पैसे देत नाही म्हणून तो आपल्याला मोकळा दिसतो!

दुसरं उत्तर बाजाराचं. "एवढ्यात तर दुकानात मऊमऊ ब्लँकेट येतं." येतं ना. त्या पॉलिएस्टरच्या ब्लँकेटच्या किमतीत गिरणीची वीज असते, ट्रकचं भाडं असतं, दुकानदाराचा नफा असतो, आणि ते सगळं आपण निमूटपणे मोजतो. घासाघीस सुचते ती फक्त समोर जमिनीवर बसलेल्या बाईशी.

माझी एक भाची पर्यावरणाबद्दल फार जागरूक आहे, मला तिचं कौतुकही आहे. लेव्हाय स्ट्रॉस कंपनीने २०१५ साली मांडलेला हिशोब तिनेच मला सांगितला. एका जीन्सच्या साऱ्या आयुष्यात ३,७८१ लिटर पाणी लागतं आणि त्यातलं जवळजवळ दोन-तृतीयांश कापूस पिकवण्यातच जातं. कापसाच्या गावात राहणाऱ्या मला हे लगेच पटलं. पण पाण्याचा हिशोब लिटरपर्यंत ठेवायचा आणि हातांचा हिशोब मात्र शून्य, हे कुठलं पर्यावरण?

अमेरिकेतल्या भाचरांसाठी तिकडचंच उदाहरण देते. अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय शेतकरी बायका कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. मिझुरी पेटवे या बाईने १९४२ साली, नवरा वारल्यावर, त्याच्या शेतातल्या कपड्यांची गोधडी शिवली. २००२ साली त्या गावच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या. २००६ साली तिकडच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. तिकीट काढून अशी गोधडी बघायला जाणारी माणसं इथे दाराशी आलेल्या गोधडीचे शंभर रुपये तोडून मागतात, याला काय म्हणावं?

आणि "टाकाऊपासून टिकाऊ" हा शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाचा शब्दही मला पसंत नाही. आधी आपणच कापडाला टाकाऊ म्हणायचं, मग त्यावर राबणारे हातही आपोआप स्वस्त होतात. आमच्या गावापासून चार-पाच किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तिथे ज्या भिक्खूंची वस्ती होती, त्यांच्या परंपरेत कापड टाकाऊ होतच नसे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक गोष्ट आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला ५०० चीवरं दिली. राजाला संशय आला, एवढी घेऊन हा करणार काय? आनंदाने हिशोब दिला. नवी चीवरं ज्यांची विरली आहेत त्यांना वाटू. त्यांच्या जुन्या चीवरांच्या चादरी करू, चादरी जुन्या झाल्या की गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरुणं, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि फडकी विरली की कुटून चिखलात कालवून जमीन सारवू. राजाचं समाधान झालं.

ही गोष्ट आपल्याकडे आता कौतुकाने सांगतात, पण एक मुद्दा सुटतो. ते भिक्खू आपली चीवरं आपल्या हातांनी शिवत. जो स्वतः शिवतो तो कुणाचं देणं लागत नाही. दुसऱ्याकडून शिवून घेणारा लागतो. एवढं साधं आहे हे.

म्हणून यंदापासून माझ्यामार्फत गोधडी हवी असेल तर नियम असे. शिवणारी जितके दिवस सांगेल तितके दिवस, गुणिले गावातली दिवसाची मजुरी. निम्मे पैसे आधी. सुईदोऱ्याचा खर्च वेगळा. घासाघीस नाही, आणि माझ्याकडे वशिलाही नाही.

ज्याला हे जड वाटेल त्याच्यासाठीही सोय आहे. दिवाळीच्या सुट्टीत इकडे या, जीन्स घेऊन या. सुई मी देते, शिकवतेही, फी नाही. पहिल्या दहा ओळी पुऱ्या करा. मग आपण मजुरीबद्दल बोलू.