गप्प बसणाऱ्यांचाही वाटा

धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. उन्हाळ्यात टँकर कधी येणार, यावर इथल्या कितीतरी घरांचा दिवस ठरतो. म्हणूनच गोव्याच्या खाणपट्ट्यात काय झाले, हे आपण नीट ऐकले पाहिजे.

डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिजासाठी डोंगर कापले. टनभर खनिजामागे दोन-तीन टन टाकाऊ माती निघते. ती पावसात वाहून भातशेतीत बसली. खाणी भूजलपातळीच्याही खाली गेल्या, पंपांनी पाणी उपसले आणि शिरगावसारख्या गावांच्या विहिरी आटल्या. तिथली मोठी कंपनी सेसा गोवा २००७ मध्ये जपानच्या मित्सुईकडून लंडनच्या वेदांता समूहाकडे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात गोव्यातल्या खाणपट्ट्यांची मुदत संपली होती आणि त्यानंतरचे उत्खनन बेकायदा होते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. म्हणजे २०१२ च्या बंदीपर्यंत जवळजवळ पाच वर्षे दिवसाढवळ्या ट्रक धावत राहिले!

ते कोणाला दिसले नाहीत? ट्रक गावकऱ्यांचे होते, त्यांवरचे कर्ज बँकांचे होते, मते पुढाऱ्यांची होती आणि लाभांश शहरातल्या सुशिक्षितांच्या खात्यात जमा होत होता. प्रत्येकाने आपला वाटा घेतला आणि तोंड मिटले. माझा आरोप या मिटलेल्या तोंडांवर आहे.

तोंड उघडणारेही याच देशात आहेत. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरातून वेदांताच्या कारखान्यासाठी बॉक्साइट काढायचे होते. न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला. २०१३ मध्ये बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ठिकाणी डोंगरिया कोंध आदिवासींसह तिथल्या रहिवाशांनी नकार दिला. ज्यांना आपण मागास म्हणतो, त्यांनी आपला डोंगर राखला.

आणि आपण? तेरणा, मांजरा, सीना या नद्यांची वाळू हीच काठच्या विहिरींची ठेव आहे. वाळू गेली की पाणी धरून ठेवणारे काही उरत नाही. तरी रात्री कोणाचा हायवा ट्रक नदीत उतरतो, हे ज्या गावाला ठाऊक असते, ते गाव सकाळी गप्प असते. ग्रामसभेला कोरम नसतो, ठराव मात्र मंजूर झालेला असतो. त्याच वाळूवाल्याच्या वर्गणीतून सप्ताहाचा मांडव उभा राहतो, आणि त्याच मांडवात बसून आपण संतांची शिकवण ऐकतो. गोरोबाकाकांच्या तेरचा हा जिल्हा आहे. मातीत राबून भक्ती करणाऱ्या त्या संताचे नाव घेण्याचा अधिकार माती विकणाऱ्याला नाही, आणि ती विकताना पाहून मान खाली घालणाऱ्यालाही नाही.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला घरातल्या बायकांसह जा. ठराव मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, पटला नाही तर विरोध इतिवृत्तात नोंदवा. लुटीच्या पैशाची वर्गणी परत करा. मांडव लहान झाला तरी चालेल. दारात उद्या लंडनची कंपनी येवो की तालुक्याचा ठेकेदार, त्याला नाही म्हणण्याची सवय गावाने आजपासून लावून घेतली पाहिजे.